फिरत्या खुर्चीसाठी फेकलेले एक्के

पोकरमध्ये पहिल्या दोन पानांतच एक्क्यांची जोडी आली की माणसं काय काय करतात ते मी ऐकून आहे. कुणाचा श्वास अडकतो, कुणी उगाच कान खाजवतं, कुणी आपल्याला काही फरक पडत नाही असं दाखवायला जांभई देतं. पण एक्क्यांची जोडी बघून ज्याने ‘अरे देवा, पुन्हा!’ असा हंबरडा फोडला, असा माणूस रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत एकच. तो मी. हंबरडा मनातल्या मनातच फोडला होता, तरी जेट्टीवरचे सगळे बगळे एकदम उडाले. बघणारे लोक आहेत, विचारा.

आधी खुर्ची समजून घ्या. सगळा घोळ त्या खुर्चीपायी झाला.

आमचं गाव मुरुडच्या थोडं अलीकडे. गावाच्या जेट्टीला लागून चाचांचं चहाचं हॉटेल आहे. चाचा जन्मभर मोठ्या जहाजांवर खलाशी होते. जगातलं असं बंदर नाही जिथला चहा त्यांनी तोंडात घेऊन परत थुंकला नाही. नोकरी संपवून घरी येताना लोक सोनं आणतात, ब्लँकेट आणतात, टीव्ही आणतात. चाचांनी भंगारात निघालेल्या एका जहाजावरची कप्तानाची खुर्ची आणली. काळं कातडं, हात टेकायला रुंद लाकडी फळ्या, खाली लोखंडी खांब, आणि खांबावर ती गोल फिरते. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे त्या खुर्चीत बसून एका कप्तानाने तीन वादळं आणि दोन बायका झेलल्या. आम्ही कधी वाद घातला नाही.

चाचांच्या छपराला कौलं कमी आणि भोकं जास्त. पावसाळ्यात हॉटेलात बसून चहा प्यायला की कप संपतच नाही, वरून भरत राहतो. एवढ्या हॉटेलात न गळणारी जागा एकच, तिथे ही खुर्ची. तिच्या डोक्यावर गावातला सगळ्यात जोरात फिरणारा पंखा. डावीकडे फिरलात तर जेट्टी, उजवीकडे फिरलात तर एसटी स्टँड, आणखी जरा रेटलात तर टीव्ही. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीतून पापलेटाची शेपटी बाहेर आलीय, हे सगळं बूड न उचलता समजतं. आणि किटलीतला पहिला वाफाळता चहा त्या खुर्चीला, असा नियमच.

म्हणजे आमदारकी परवडली, पण ही खुर्ची मिळणं कठीण.

पूर्वी तिच्यावरून रोज भांडणं व्हायची. एकदा तर तीन जण एकाच वेळी बसले आणि खुर्ची अशी काही फिरली की तिघं तीन वेगवेगळ्या गावांना निघाले. शेवटी चाचांनी नियम केला. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ताडपत्री पांघरून झोपलेल्या असतात, माणसांना काही काम नसतं. त्या दिवसांत एकदा पोकरची स्पर्धा. जिंकेल त्याची वर्षभर खुर्ची.

पोकर चाचांनीच बोटीवरून आणलं. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मग मधे पाच पानं उघडी. आपली दोन आणि मधली पाच, त्यातून ज्याची पाच पानं भारी तो जिंकला. पानं बरी वाटली तर पैज वाढवायची, नाहीतर पत्ते टाकून तो डाव सोडायचा. पण चाचांची सक्त ताकीद: “पैसा दिसला तर पत्ते समुद्रात, आनि खेळनारा पन समुद्रात. हराम काम माझ्या हाटेलात नाय.” म्हणून पैशांच्या जागी श्रीवर्धनी सुपारी. सगळ्यांना सारख्या सुपाऱ्या, संपल्या की उठायचं. चाचा स्वतः खेळत नाहीत, पत्ते वाटतात आणि न्याय करतात.

सुपारीने खेळण्यात एक धोका आहे, तो बाहेरच्यांना कळणार नाही. आमच्याकडे माणूस विचारात पडला की त्याचा हात आपोआप अडकित्त्याकडे जातो. पहिल्याच वर्षी एका बोटमालकाने सगळ्यांना मागे टाकून सुपाऱ्यांचा ढीग जमवला होता. मग एक अवघड डाव आला. बराच वेळ विचार करून त्याने छाती काढून जाहीर केलं, “सगळं आत!” आणि पुढे ढकलायला बघतो तर काय, समोर फक्त अडकित्ता. अख्खा ढीग विचार करता करता चावून झाला होता. तोंड लाल करून बिचारा बाहेर पडला. त्याच्यानंतर चाचांनी टेबलावर अडकित्ता आणायला बंदी घातली, तरी काही जण दाताने फोडतात.

दुसरी मेख म्हणजे बंदरभाडं. प्रत्येक डावाला पत्ते बघायच्या आधीच काही सुपाऱ्या सक्तीने मधे टाकाव्या लागतात. त्याचं नाव चाचांनी बंदरभाडं ठेवलंय. बाहेर स्टँडवर अलिबागची एसटी लागली की बंदरभाडं दुप्पट. त्यामुळे सुरुवातीला खेळ कसा निवांत चालतो आणि संध्याकाळकडे असा तापतो की दोन-तीन डाव नुसतं बसून राहिलं तरी माणूस कफल्लक. मी मोबाइलवर बघून शिकलो होतो: शेवटच्या टप्प्यात भारी पानं आली रे आली की वाट बघत बसायचं नाही, सगळं पुढे ढकलायचं. एक्के, राजे, राण्या, जोडी दिसली की ढकल. एवढं ज्ञान अख्ख्या किनाऱ्यावर माझ्याशिवाय कुणाला नव्हतं. माशांना असेल तर माहीत नाही.

आता घरची गोष्ट.

माझं दोन खोल्यांचं लॉज आहे. पावसाळ्यात त्यात फक्त बेडूक उतरतात आणि भाडं न देता जातात. म्हणजे चार महिने मी घरी. घराच्या पुढच्या खोलीत बायकोचं शिवणाचं मशीन. तिचा हात असा की शिवलेला ब्लाउज दोन बाळंतपणांनंतरही बसतो. गणपती आले की गिऱ्हाइकांची रांग लागते.

आणि दोन वर्षांपासून त्याच पुढच्या खोलीत सासरे. म्हसळ्याच्या घराची कौलं बदलायची म्हणून आठ दिवसांसाठी आले होते. कौलं अजून पसंत पडायची आहेत. सासरे एसटीत कंडक्टर होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण कंडक्टरकीतून नाही. आमच्या घरात जेवणाला सुरुवात करायची तर ते स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवतात, टण टण. त्याशिवाय घास उचलायचा नाही. कुणी ताटावर बसून गप्पा मारायला लागलं की एकदाच, टण. म्हणजे थांबा. ब्लाउज टाकायला बाई आली की विचारणार, “कुठं जायचंय?” ती म्हणणार, कुठं नाही, माप द्यायचंय. “मग पुढं सरका, पुढं सरका, मधे जागा आहे.” एका बाईकडे त्यांनी लहान मुलाचं अर्धं तिकीट मागितलं, अशी बोलवा आहे. ती बाई पुन्हा आली नाही. तिच्या तीन बहिणीही आल्या नाहीत.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि सुई दाखवावी तसं बोट दाखवून म्हणाली, “उद्या खुर्ची बाबांना मिळाली पाहिजे.”

“अगं पण मी भारी खेळतो.”

“म्हणूनच सांगते. माझ्याकडे गणपतीपर्यंतचे ब्लाउज पडलेत. ते दिवसभर तिकडे बसले तर माझी खोली मोकळी होईल. तुम्ही खुशाल खेळा, सगळ्यांना हरवा, पण शेवटी त्यांच्याशी हरा. आणि नाही हरलात ना, तर बोटी सुरू झाल्यावर या घरात मासा शिजणार नाही. वर्षभर दुधीभोपळा.”

मी कोकणातला माणूस. वादळात पोहलो असतो, पण वर्षभर दुधीभोपळा? मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ती लायनिंगचं कापड आणायला सकाळच्या एसटीने अलिबागला गेली आणि मी सासऱ्यांना घेऊन चाचांकडे गेलो. गावातले झाडून सगळे आलेले. पाऊस असा की अलिबागची गाडी रस्त्याने आली की पोहत आली ते कळत नव्हतं.

दुपारनंतर तिघंच उरलो. मी, सासरे आणि मावशी.

मावशी म्हणजे आमच्या मासळी बाजाराची महाराणी, आणि गेल्या वर्षीची विजेती. वर्षभर पाट्या विकून झाल्या की त्या खुर्चीत ठाण मांडून बसायची आणि पायाच्या अंगठ्याने गाव फिरवायची. तिला पोकर कुणी शिकवायची गरजच नव्हती. परवाचा बोंबील आजचा म्हणून विकताना जिची पापणी हलत नाही, तिच्यापुढे पत्ते काय!

सासऱ्यांचंही तसंच. सगळा जन्म विनातिकीट माणसं ओळखण्यात गेलेला. कुणी खोटा आव आणून सुपाऱ्या ढकलल्या की हे चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे, हात पुढे करायचे आणि म्हणायचे, “तिकीट?” समोरचा घामाघूम. पत्ते उलटे केले की खरोखरच बिनतिकिटाचा निघायचा. अशी त्यांनी निम्मी जेट्टी घरी पाठवली.

फक्त माझ्यापुढे त्यांची गाडी अडायची. मी नुसता सुपारीला हात लावला की ते पत्ते खाली ठेवायचे. कारण महिना अधिक होता. अधिकात जावयाला द्यायचं असतं. ताटात अनारसे घालून, वर दिवा लावून, हात जोडून द्यायचं. सकाळीच मला तेहतीस अनारसे मिळाले होते, त्यातले बरेचसे स्पर्धेपर्यंत पोटात होते. अशा महिन्यात जावयाकडून सुपारी घ्यायची? छे.

“बाबा, खेळ आहे हा,” मी कुजबुजलो. “घ्या ना माझ्या चार सुपाऱ्या.”

“जावईबापू, तुम्ही बोलला त्यात सगळं आलं,” म्हणून त्यांनी पत्ते टाकले.

मला वाटलं, आधी मावशीला काढू, मग म्हाताऱ्याचं बघू. तेवढ्यात चाचांनी पत्ते वाटले आणि मला आले दोन एक्के. इस्पिक आणि बदाम. बंदरभाडं चढलेलं, स्पर्धेचा शेवट, हातात एक्के. माझ्या सगळ्या ज्ञानाचा दिवस उगवला. मी बऱ्याच सुपाऱ्या पुढे केल्या. सासऱ्यांनी लगेच पत्ते ठेवले. मावशीने माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि सगळा ढीग मधे लोटला.

“घे रं,” म्हणाली. “ताजी हाय.”

आता खरं सांगतो, तिथेच मी डाव ओळखला. इतकी वर्षं तिच्याकडून मासे घेतोय. तिच्याकडे खरंच चांगली सुरमई असली की ती म्हणते, ‘तू नको घेऊ बाबा, तुला न्हाय परवडायची.’ ‘ताजी हाय’ म्हणाली की मान हलवून पुढे जायचं.

“मावशी, कल्ले दाखव,” मी म्हणालो आणि सगळ्या सुपाऱ्या आत.

तिच्याकडे निघाली राणी आणि गुलाम. मधे एक राणी आलीसुद्धा, हॉटेल एकदम ओरडलं, पण एक्क्यांपुढे राणी काय करणार! मावशी उठली. टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की छपराची दोन भोकं बुजली.

“मेल्या, माझी खुर्ची घेतलीस! आता ये बोंबील न्यायला, तुझ्या पाटीत काटेच टाकीन.”

“मावशी, खेळ आहे...”

“व्हय, व्हय, खेळ. खेळ आता सासऱ्याशी. मी हितंच उभी हाय तुझ्या मानंवर.” आणि खरोखर ती आमच्या मागे येऊन उभी राहिली, रागाने आणि लसणीच्या वासाने.

आता आम्ही दोघं. माझ्यापुढे आणि सासऱ्यांपुढे जवळपास सारखेच ढीग. मला हरायचं होतं, आणि हरणं किती सोपं! पत्ते टाकत राहायचं, बंदरभाडं समोरच्याला मिळत राहतं, थोड्या वेळात आपण रिकामे. असं मला वाटलं.

पण दोघंच उरले की पहिली पाळी एकदा याची, एकदा त्याची. माझी पहिली पाळी आली, मी पत्ते टाकले. मधल्या सुपाऱ्या सासऱ्यांना. पुढच्या डावाला त्यांची पहिली पाळी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पत्ते टाकले. सुपाऱ्या मला. पुन्हा मी टाकले. पुन्हा त्यांनी. सुपाऱ्या मुरुड-अलिबाग, अलिबाग-मुरुड अशा फेऱ्या मारायला लागल्या. बघायला आलेल्यांपैकी एक जण उभ्याउभ्या झोपला आणि तसाच घरी गेला.

चाचा पत्ते वाटून वाटून काळवंडले. “या अल्ला, मी सिंगापूरला बघलं, मी ब्राझीलला बघलं. असा खेळ नाय बघला. खेला रे कोनीतरी!”

आणि मग तो प्रकार झाला. मला पुन्हा एक्क्यांची जोडी आली.

वाचकहो, माणसाने काय करावं? एकीकडे पोकर खेळणाऱ्याचं रक्त उसळतं, शेवटचा टप्पा, एक्के, ढकल! ढकल! दुसरीकडे डोळ्यांपुढे दुधीभोपळ्यांची रांग उभी, शिमग्यापर्यंत. बगळे उडाले ते याच वेळी. मी डोळे मिटले, छातीवर दगड ठेवला आणि एक्के उपडे करून टाकून दिले.

मागून एक लसणीच्या वासाचा हात आला आणि त्याने पत्ते उलटे केले.

“अगं बाय माझे!” मावशी किंचाळली. “एक्के टाकले यानी! जोडीचे एक्के!”

हॉटेलात असा गलका झाला की कढईतला भजीचा घाणा बाहेर येऊन बघून गेला. “येडा झालाय,” कुणी म्हणालं. “अनारसे चढले,” दुसरा म्हणाला. मावशीला चेव आला. तिने वाकून सासऱ्यांनी टाकायला म्हणून आधीच उपडे ठेवलेले पत्तेही उलटे केले. दोन राजे.

आता चाचा उठले. पत्ते टेबलावर ठेवले, कमरेवर हात ठेवले. त्यांच्या अंगात सगळे कप्तान एकदम शिरले.

“हे काय? मिलून खेलताय? माझ्या हाटेलात बेइमानी?”

“बेइमानी नाही हो,” सासरे शांतपणे म्हणाले. “अधिक महिना आहे. जावयाचं घेऊ कसं?”

“बरं. ते तुमचा रिवाज, मी समजलो. आनि तू?” चाचा माझ्याकडे वळले. “तुझा कुठला महिना चाललाय?”

मी काय सांगणार? बायकोचं नाव अशा ठिकाणी काढायचं नसतं. मी म्हणालो, चष्मा घरी राहिला, एक्के मला दुर्ऱ्या वाटल्या. मी चष्मा वापरत नाही हे अख्ख्या हॉटेलाला ठाऊक. कुणीतरी फिस्सकन हसलं.

चाचांनी फर्मान काढलं. “बस झालं. आता अलिबागची गाडी आली की बंदरभाडं म्हंजे तुमच्या सगल्या सुपाऱ्या. दोघांच्या. पत्ते टाकायचा नाय, मागं फिरायचा नाय. एकच डाव.”

गाडी मात्र येईना. वाटेत झाड पडलं होतं म्हणे. सगळं हॉटेल स्टँडकडे तोंड करून बसलं. सासऱ्यांनी हाताच्या घड्याळाकडे, मग पावसाकडे बघितलं. “झाड बाजूला करतायत. आता रेवदंड्याचा पूल ओलांडेल. काशीदच्या चढावर दुसऱ्या गिअरला येईल.” त्यांचा एक कान जणू गाडीच्या टपावर बांधलेला होता.

मग ते माझ्याकडे सरकले. आवाज खाली आणला.

“जावईबापू, रिवाज आहेच. पण खरी गोष्ट वेगळी. काल लेकीनं मला मागच्या पडवीत नेऊन सांगितलं, बाबा, उद्या खुर्ची ह्यांना मिळाली पाहिजे.”

“कुणाला?”

“तुम्हाला. म्हणाली, दिवसभर पुढच्या खोलीत लोळून असतात, गिऱ्हाइकांना गळ्याचा आकार सुचवतात, बायका लाजतात. तुम्ही काही करून हरा. नाहीतर तुमचा टीव्ही बंद.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. गळ्याचा आकार मी एकदाच सुचवला होता. दोनदा. आणि तो चांगलाच होता!

“बाबा,” मी म्हणालो, “मला तिनं हेच तुमच्याबद्दल सांगितलं. स्वयंपाकघरात. दार लावून.”

वरून पाणी गळत होतं, एकदा त्यांच्या कपात, एकदा माझ्या. दोन पुरुष, दोघांनी जोडीचे एक्के आणि राजे फेकून दिलेले, आणि घरातली बाई दोघांच्याही हातातली पानं कालच बघून बसलेली.

“तुम्ही जिंका,” सासरे म्हणाले.

“छे, तुम्ही. तुम्ही वडीलधारे.”

“मला ती खुर्ची नको हो. एकदा बसलो होतो, अर्धा वळसा घेतला तर पोटात ढवळलं. नोकरीभर गाडीत उभा राहिलो. बसायची सवय नाही मला.”

तेवढ्यात भोंगा वाजला. अलिबागची गाडी स्टँडवर लागली आणि सगळ्यांच्या आधी उतरली कोण, तर आमची बायको, डोक्यावर पिशवी, पिशवीवर प्लास्टिक. पावसातून धावत सरळ हॉटेलात शिरली. गर्दी बघितली, आम्हा दोघांना समोरासमोर बघितलं, आणि कुणाला काही न विचारता माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. मावशीने तिला जागा करून दिली. “ये गं बाय. बघ तुझ्या घरातली जत्रा.”

चाचांनी सगळ्या सुपाऱ्या मधे ओढल्या. एक डोंगर झाला. पत्ते वाटले.

मी पानांचे कोपरे उचलले. किलवरचा एक्का. आणि चौकटचा एक्का.

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, माझाही बसला नव्हता. एक्के त्या दिवशी असे मागे लागले होते की मी पावसात पळालो असतो तरी छत्री घेऊन आले असते. मी मान वळवून बायकोकडे बघितलं. तिने माझे एक्के बघितले. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. ही बाई टेबलावर बसली असती तर मावशीला पाटीसकट घरी पाठवलं असतं.

मी एक्के उघडे ठेवले. सासऱ्यांनीही आपली पानं उघडी केली. सत्ती आणि दुर्री. पोकरमध्ये यापेक्षा भिकार हात नाही, मोबाइलवर सगळे हसतात त्याला.

मधली तीन पानं आली. गुलाम, सत्ती, नव्वी. “म्हाताऱ्याला जोडी लागली!” मावशी ओरडली. सत्तीची जोडी माझ्या एक्क्यांपुढे अजून पोरसवदाच. चौथं पान आलं. दुर्री. आता त्यांच्या दोन जोड्या झाल्या आणि माझी एकच. ते पुढे गेले. सासऱ्यांचा चेहरा उतरला. माझा फुलला. मग आठवलं, अजून एक पान आहे. एक्का आला तर मी जिंकतो. गुलाम किंवा नव्वी आली तरी माझ्या दोन जोड्या, आणि एक्क्यांच्या जोरावर मीच जिंकतो. पोकर खेळायला लागल्यापासून पहिल्यांदा मी हात जोडून म्हणालो, एक्का नको, गुलाम नको, नव्वी नको, हे समुद्रा, पंजी दे, तिर्री दे, काहीही फुटकळ दे.

सासरेही हात जोडून होते. ते बहुतेक एक्का मागत होते.

चाचांनी पान उलटलं. पंजी.

हॉटेल कोसळायचं बाकी राहिलं. सत्ती-दुर्रीने एक्के मारले! लोकांनी सासऱ्यांना उचललं, खुर्चीत नेऊन बसवलं आणि आनंदाच्या भरात तीन वेळा गरकन फिरवलं. सासऱ्यांना आधी जेट्टी दिसली, मग स्टँड दिसला, मग टीव्ही, आणि शेवटी तारे दिसले. “टण!” ते कसेबसे ओरडले. “टण! थांबा!” पाय जमिनीला लागल्यावर खांब धरून उभे राहिले आणि त्यांनी मला हाक मारली.

“जावईबापू, इकडे या.”

मी गेलो.

“खुर्ची माझी झाली ना, चाचा?”

“एक साल तुमची.”

“मग माझ्या वस्तूचं मी काय करीन ते करीन. अधिक महिना आहे. अनारसे तर सगळेच देतात.” त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने कातडं पुसलं, सुपाऱ्यांचा डोंगर माझ्या सदऱ्याच्या ओच्यात घातला आणि मला दोन्ही खांद्यांना धरून खुर्चीत दाबून बसवलं. मग स्वतः पाठीमागे उभे राहिले, एक हात वरच्या वाशाला, गाडीत धरतात तसा. चहाच्या ग्लासवर चमचा घेतला. टण टण. आणि खुर्ची सावकाश जेट्टीकडे वळवली, धक्का न देता. अशी गाडी आमच्या आमदारानेही अनुभवली नसेल.

मी बायकोकडे बघितलं. ती पिशवीतला दोरा मोजायचं नाटक करत होती.

तेव्हापासून सकाळी चहा झाला की आम्ही दोघं निघतो. मी बसतो, सासरे उभे राहतात. फक्त मीच बसतो असंही नाही. सासऱ्यांनी खुर्ची फेऱ्यांवर चालवायला घेतली आहे. कुणालाही जेट्टी बघायची असली तर त्यांना सांगायचं, ते “पुढं सरका” करून रांग लावतात, एक फेरी जेट्टी-स्टँड, दुसरी स्टँड-टीव्ही. मावशी रोज बाजार उरकून येते, शेवटची फेरी तिची, आणि तिला जागा मिळाली नाही असं एकदाही झालेलं नाही. म्हसळ्याच्या कौलांचा विषय आता सासरे काढत नाहीत, आणि कुणी काढू पण देत नाही.

पुढच्या खोलीत एवढी गिऱ्हाइकं यायला लागली की तीन बहिणी परत आल्या, अर्ध्या तिकिटाची बाईसुद्धा आली. बोटी सुरू झाल्या त्या दिवशी घरात सुरमईचं कालवण झालं.

मधे एकदा पाऊस फारच होता. मला जरा कणकण वाटत होती, सासऱ्यांचाही गुडघा दुखत होता. म्हटलं, आजचा दिवस घरीच थांबू, पुढच्या खोलीत जरा टेकू. आम्ही दोघं चटईवर बसलो, पाय लांब केले. बायकोने मशीन थांबवलं. आमच्याकडे बघितलं. मोठी कात्री उचलली आणि मशीनच्या लोखंडी पत्र्यावर दोनदा वाजवली.

टण टण.

सासरे ताडकन उठले. मी छत्री शोधली.